पहिल्या प्रयोगाला आधार देणारे अनुदान

मायटोकॉन्ड्रियांच्या, म्हणजे पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या सूक्ष्म घटकांच्या, आजारांवर काम करणाऱ्या अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील, १९९६ मध्ये स्थापन झालेल्या युनायटेड मायटोकॉन्ड्रियल डिसीज फाउंडेशनच्या संशोधन अनुदानाचे मोल सूक्ष्मदर्शकाखाली कळते. गोमोरी ट्रायक्रोम या रंजकाने रंगवलेल्या स्नायूच्या कापात हिरवट-निळ्या तंतूंमध्ये एखाद्याच तंतूची कड लाल, फाटल्यासारखी दिसते. तिथे सदोष मायटोकॉन्ड्रियांची गर्दी झालेली असते. ती का झाली हे शोधू पाहणाऱ्या तरुण संशोधकाकडे कल्पना असते, पण आकडे नसतात, आणि प्राथमिक निष्कर्ष हाती असल्याशिवाय मोठे निधी सहसा मिळत नाहीत. नेमक्या याच टप्प्यावर हे अनुदान हात देते.

अर्जांची छाननी शास्त्रज्ञ आणि डॉक्टरांचे सल्लागार मंडळ करते, ही मला यातली सर्वांत भरवशाची बाब वाटते. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत अवघी ३७ जनुके असली, तरी ३२४३ या एकाच स्थानावरील बदलामुळे एकाला मधुमेह व बहिरेपण येते, तर दुसऱ्याला पक्षाघातासारखे झटके येतात. असे कोडे जाणकारालाच पारखता येते. रुग्णांची कुटुंबे पदयात्रा काढून यासाठी पैसा उभा करतात, हे विसरता येत नाही. मात्र रुग्णांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासांना असे प्रारंभिक अनुदान पुरणार नाही.