सुमॅक लावायचा, पण कोणता? स्टॅगहॉर्न, टायगर आइज की ग्रो-लो

न्यू जर्सीत किंवा ओंटारिओत ऑक्टोबरमध्ये हायवेच्या कडेला केशरी-लाल पेटलेली झुडपं दिसतात, ती बऱ्याचदा स्टॅगहॉर्न सुमॅकची असतात. ती पाहून थेट नर्सरी गाठण्याआधी बॅकयार्डात मोजपट्टी घेऊन जा. सुमॅकची निवड रंगावर करायची नसते. मुळांना पसरायला किती जागा आहे आणि त्या जागेच्या कडेने लॉनमोवर फिरतो का, यावर ती ठरते.

स्टॅगहॉर्न (ऱ्हस टायफिना) १५ ते २५ फूट उंच होतो आणि पसरतोही जवळजवळ तेवढाच. कोवळ्या फांद्यांवर मखमली लव असते, हरणाच्या नव्या शिंगासारखी. नाव त्यावरूनच पडलं. नर आणि मादी झाडं वेगळी असतात. लाल, उभे तुरे फक्त मादीला येतात आणि ते हिवाळाभर बर्फात टिकतात. तुरे हवे असतील तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तुरा लागलेलंच रोप निवडा, नाहीतर बारीक कातरलेल्या पानांचा ‘लॅसिनिएटा’ घ्या. तो मादीच असतो.

अडचण फुटव्यांची. मुळं जमिनीत उथळ, आडवी धावतात आणि खोडापासून सात-आठ फुटांवर लॉनमध्ये अचानक लव असलेला कोंब वर येतो. तो कात्रीने कापला तर खालच्या डोळ्यांतून पुन्हा दोन-तीन कोंब येतात. म्हणून कोंब कोवळा असतानाच भोवतीची माती थोडी बाजूला करायची आणि मुळाला जिथे चिकटला आहे तिथून हिसका देऊन उपटायचा. लॉनमध्ये आलेले कोंब दर आठवड्याच्या कापणीत जातात. खरा त्रास फुलझाडांच्या वाफ्यात, कारण तिथे मोवर जात नाही आणि कुदळीने खणलं की दुखावलेल्या मुळातून आणखी फुटवे येतात. घराचा पाया, सेप्टिकचं क्षेत्र आणि शेजाऱ्यांचं कुंपण यांपासून किमान १५ फूट अंतर ठेवा. एवढं अंतर निघत नसेल तर स्टॅगहॉर्नचा विचार सोडलेला बरा.

टायगर आइज ही स्टॅगहॉर्नचीच बुटकी जात, मिनेसोटाच्या बेली नर्सरीजने बाजारात आणलेली. उंची साधारण ६ फूट, रुंदी तेवढीच. नवी पानं पोपटी, मग पिवळीधमक, देठ गुलाबीसर आणि पानगळीआधी केशरी-शेंदरी रंग. दाराजवळ एकच उठावदार झाड हवं असेल तर तिघांत हेच. पण बुटकं आहे म्हणून फुटवे येणार नाहीत, असं समजू नका. ते कमी आणि सावकाश येतात, पण येतात. वाफा लहान असेल तर लावतानाच दीड मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा मूळ-अडसर दोन फूट खोल घालून गोल आळं करा आणि त्याची कड मातीच्या वर दोन इंच राहू द्या, नाहीतर मुळं वरून उडी मारतात. मोठ्या कुंडीतही हे झाड चांगलं राहतं. कुंडी विटांवर ठेवा; जमिनीला टेकली तर मुळं भोकातून खाली उतरतात.

ग्रो-लो हा सुगंधी सुमॅक (ऱ्हस ॲरोमॅटिका), वेगळीच प्रजाती. उंची जेमतेम २ फूट, पसारा ६ ते ८ फूट. उतारावरची माती धरून ठेवायला आणि ड्राइव्हवेच्या कडेला उत्तम. दोन रोपांत ५ फूट अंतर ठेवलं तर सगळी जमीन झाकायला काही वर्षं जातात. तोवर मधल्या जागेत २-३ इंच मल्च (मातीवर पसरायचा लाकडी सालीचा भुसा) हवंच, नाहीतर तण पुढे जातं. तीन-तीन पानांमुळे शेजारी ‘पॉयझन आयव्ही’ (अंगाला लागली की खाज-पुरळ आणणारी वेल) म्हणून घाबरतात. फरक सोपा आहे: आयव्हीच्या मधल्या पानाला लांब देठ असतो, ग्रो-लोच्या मधल्या पानाला जवळजवळ नसतोच. पान चुरगळलं की वासही येतो.

सुमॅक आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातला. आंब्याचा चीक ज्यांना उततो त्यांनी छाटताना हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा. खरा विषारी सुमॅक दलदलीत वाढतो. त्याची फळं पांढरट आणि लोंबती, पानांच्या कडा सरळ. स्टॅगहॉर्नच्या पानांच्या कडा करवती असतात. स्टॅगहॉर्नचे पाच-सहा लाल तुरे दीड लिटर थंड पाण्यात काही तास भिजवून दुहेरी फडक्यातून गाळले की कोकमासारखं आंबट सरबत होतं. उकळू नका, तुरट होतं. मोठ्या पावसानंतर तोडलेल्या तुऱ्यांचा आंबटपणा धुऊन गेलेला असतो. आंबा-काजूची ॲलर्जी असलेल्यांनी हे पिऊ नये.

लागवड तिघांचीही सारखीच. अमेरिकेत खणण्याआधी ८११ ला फोन करून जमिनीखालच्या तारा-पाइप दाखवून घ्या. खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट रुंद, पण खोली तेवढीच. खत नको, खत-पाण्याने लाडावलेला सुमॅक फुटवेच जास्त काढतो. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला साधारण १० लिटर पाणी पुरतं. सहा तास ऊन हवं, सावलीत रंग फिका पडतो. पाणी साचलं की मुळं कुजतात. पूर्वी टोमॅटो-वांगी मर रोगाने गेली असतील त्या जागी लावू नका. व्हर्टिसिलियम बुरशी मातीत वर्षानुवर्षं राहते आणि सुमॅकच्या एकेक फांदीची पानं मलूल करत झाड संपवते. औषध नाही. हिवाळ्यात ससे साल कुरतडतात, म्हणून खोडाभोवती बारीक जाळी लावा, बर्फाच्या थराहून दोन फूट उंच.

घर घेताना स्टॅगहॉर्न आधीच मिळाला असेल आणि काढायचा असेल, तर मार्च-एप्रिलमध्ये खोड कापू नका. मुळांतला साठा भरलेला असतो आणि महिन्याभरात चहूबाजूंनी कोंब उठतात. तो साठा पानांत खर्च झालेला असतो तेव्हा, म्हणजे भर उन्हाळ्यात, कापा आणि पुढची दोन-तीन वर्षं दिसेल तो कोंब उपटत राहा.