नीतिशास्त्राचा प्रास्ताविक अभ्यासक्रम : औषध दुकानात काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

गेले काही महिने मी नीतिशास्त्राचा एक प्रास्ताविक अभ्यासक्रम ऐकतो आहे. तो इंग्रजीत, ध्वनिमुद्रित व्याख्यानांच्या स्वरूपात आहे. त्यातील सिद्धांत सोलापूरच्या पूर्वभागातील माझ्या औषध दुकानात रोजच्या व्यवहाराला लावून पाहत गेलो आणि त्या अनुभवावरच हा अभिप्राय लिहितो आहे. अभ्यासक्रम घेण्यासारखा आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. त्यातील सर्वांत रुक्ष वाटणारा भाग म्हणजे जर्मन तत्त्वज्ञ कांटचा, आणि माझ्या कामात सर्वाधिक टिकला तोही तोच.

मांडणी नेहमीची आहे. सुरुवातीला नैतिक सापेक्षतावाद आणि धर्माज्ञा हाच नीतीचा पाया मानणारे मत येते, त्यानंतर उपयुक्ततावाद (कृती तिच्या परिणामांवरून तोलणारा), कांटचा कर्तव्यवाद (परिणामांआधी कर्तव्य पाहणारा), सामाजिक करार (नियम माणसांच्या आपसातल्या करारातून येतात हे मत), अमेरिकी तत्त्वज्ञ रॉल्सचा १९७१ मधील न्यायविचार आणि शेवटी अॅरिस्टॉटलचे सद्गुणवादी, म्हणजे माणसाच्या चांगल्या सवयी आणि स्वभाव यांवर भर देणारे, नीतिशास्त्र. सापेक्षतावादावरची व्याख्याने नेमकी आहेत. चालीरीती गावोगावी वेगळ्या असतात, एवढ्यावरून योग्य-अयोग्यही गावोगावी वेगळे असते असा निष्कर्ष निघत नाही, हे तेथे सावकाश आणि नीट समजावले आहे.

उपयुक्ततावादाचा भाग ऐकताना सोपा वाटतो. इंग्रज तत्त्वज्ञ बेंथमने १७८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुख-दुःख मोजण्यासाठी तीव्रता, कालावधी, निश्चितता, व्याप्ती अशा सात कसोट्या दिल्या आणि त्याच्याच परंपरेतल्या मिलने १८६१ मध्ये त्या विचाराला अधिक उदार रूप दिले. जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त भले, हे कोणालाही चटकन पटते. माझ्या दुकानात मात्र हाच सिद्धांत सर्वांत अवघड ठरला.

आमच्या भागात यंत्रमाग कामगारांची आणि विडी वळणाऱ्या बायकांची वस्ती मोठी आहे. अंगात ताप असलेली बाई गल्ल्यापाशी येते आणि म्हणते, "दादा, डॉक्टरकडं गेलं तर दिवस मोडतोय, मागच्या वेळची ती दोनच गोळ्या द्या की." मागच्या वेळची गोळी म्हणजे सेफिक्झिम, एक प्रतिजैविक (अँटिबायोटिक). हे औषध अनुसूची एच-१ मध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालील औषधांच्या सरकारी यादीत येते, ते चिठ्ठीशिवाय विकता येत नाही आणि २०१४ पासून अशा प्रत्येक विक्रीची नोंद वेगळ्या वहीत करून ती तीन वर्षे जपावी लागते. कायद्यापुरता प्रश्न तेथेच मिटतो, आणि औषधनिर्माणाच्या पदविकेला आम्हांला कायदाच शिकवला होता. परंतु त्या बाईला कायद्याचे कलम सांगून भागत नाही. तिला नाही का म्हणायचे, याचे तिलाही पटेल असे कारण आपल्यापाशी असावे लागते.

बेंथमच्या पद्धतीने हिशेब मांडला, तर एका बाजूला तिचा बुडणारा दिवस आणि डॉक्टरची फी असते. ती डोळ्यांसमोर आहे, निश्चित आहे आणि आजची आहे. दुसऱ्या बाजूला अर्धवट घेतलेल्या प्रतिजैविकांमुळे जंतू औषधाला दाद देईनासे होणे हे नुकसान असते. ते फार मोठे असले तरी असंख्य अनोळखी माणसांत विभागलेले असते, आणि दोन गोळ्यांचा त्यातला वाटा नगण्य दिसतो. शिवाय हा हिशेब मांडणारा असतो दुकानदार, म्हणजे विक्री झाली तर ज्याचा फायदा आहे तो. प्रत्येक वेळी सुटा हिशेब केला की उत्तर 'देऊन टाका' असेच येण्याचा धोका आहे. प्रत्येक कृतीऐवजी नियमाचे परिणाम तोलावेत, हा उपयुक्ततावाद्यांचा सुधारित पवित्रा येथे कामी येतो, परंतु अभ्यासक्रमाने तो घाईत उरकला आहे.

कांटने १७८५ मध्ये मांडलेली कसोटी येथे थेट लागू पडते : ज्या तत्त्वानुसार मी वागतो, ते सर्वांसाठी नियम व्हावे अशी इच्छा मी विसंगतीशिवाय धरू शकतो का? गरज भासेल तेव्हा तपासणीवाचून प्रतिजैविक द्यावे, हे तत्त्व सर्व दुकानांनी पाळले तर कालांतराने ते प्रतिजैविकच निकामी होते, आणि ज्या हेतूसाठी ते दिले तो हेतूच उरत नाही. सगळ्यांनी असे केले तर परिणाम वाईट होतील, एवढेच कांटला म्हणायचे नाही. त्याचा मुद्दा असा की, इतरांनी नियम पाळावा आणि मला तेवढी सवलत मिळावी, अशी मागणी मी त्यात करत असतो. हा फरक व्याख्यात्याने फार चांगला उलगडला आहे. नव्याने शिकणारे बहुतेक जण येथे गडबडतात, त्यामुळे तेवढे एक व्याख्यान पुन्हा ऐकावे असे मी सुचवेन.

माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, या कांटच्या दुसऱ्या सूत्रानेही माझ्या कामात बदल घडवला. नुसते नाही म्हणून पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळणे मला आता पुरेसे वाटत नाही. ताप किती दिवसांचा आहे ते विचारणे, पॅरासिटामॉल कसे घ्यायचे ते सांगणे, महापालिकेच्या दवाखान्यात फीचा बोजा पडणार नाही हे सांगणे आणि ही गोळी अर्धवट का घेऊ नये ते तिला समजेल अशा भाषेत सांगणे, हे सर्व त्या नकाराचाच भाग आहे. हे कसे, किती आणि कोणाशी बोलावे याला सूत्र नाही. तेथे अॅरिस्टॉटल लागतो. घरे बांधता बांधता माणूस गवंडी होतो, तसा न्यायाने वागता वागता न्यायी होतो, असे तो म्हणतो. माझ्याकडे नव्याने लागलेला मुलगा नकार द्यायला शिकतो आहे तो अगदी असाच, शेजारी उभा राहून आणि पाहून. या विचाराला अभ्यासक्रमाने शेवटी थोडीशी जागा दिली आहे, ही माझी मोठी तक्रार आहे.

जी जागा तेथे हवी होती, ती ट्रॉलीच्या कोड्याने खाल्ली आहे : सुटलेली ट्राम पाच जणांवर जाऊ द्यावी की दुसऱ्या रुळावर वळवून एकाचा जीव जाऊ द्यावा? तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी १९६७ मध्ये गर्भपात आणि दुहेरी परिणामाच्या तत्त्वावर लिहिताना ट्रामचालकाचे हे उदाहरण दिले होते. साधायचा परिणाम आणि केवळ आधी दिसणारा परिणाम यांत नैतिक फरक आहे का, हा त्यामागचा प्रश्न होता. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील रुग्णाला तीव्र वेदनाशामक देताना, त्याने मृत्यू जवळ तर येणार नाही ना, असा नेमका हाच प्रश्न घरच्यांच्या मनात असतो. अभ्यासक्रमाने संदर्भ गाळून कोडे तेवढे ठेवले आणि रूळ, पूल, खटका यांतच बराच वेळ घालवला.

दुसरी उणीव आपल्या वाचकाला अधिक जाणवेल. येथे बौद्ध विचार नाही, गीता नाही, आणि टिळकही नाहीत. टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गीतारहस्यात 'आधिभौतिक सुखवाद' या प्रकरणात उपयुक्ततावादाची सविस्तर चिकित्सा मराठीतच केली आहे. मिलचा भाग संपल्यावर ते प्रकरण वाचावे. अभ्यासक्रमातील आक्षेपांपेक्षा ते अधिक भरीव आहे.

कर्तव्यापलीकडच्या कृतींवरचे व्याख्यान मात्र मी सोलापूरकरांना आग्रहाने ऐकायला सांगेन. एखादी कृती फार चांगली आहे, पण ती केली नाही म्हणून कोणी दोषी ठरत नाही, असा वर्ग नीतिशास्त्रात हवा, हे तत्त्वज्ञ उर्मसन यांनी १९५८ मध्ये ठासून मांडले. तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी १९७२ मध्ये पूर्व बंगालच्या निर्वासितांचे उदाहरण घेऊन ही सीमारेषा बरीच मागे रेटली : तितकेच महत्त्वाचे काही न गमावता मोठे दुःख टाळता येत असेल, तर ते टाळणे कर्तव्यच आहे, असे त्यांचे म्हणणे. मी हे व्याख्यान आपल्या गावच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांना समोर ठेवून ऐकले. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या भारतीय पथकातून ते चीनला गेले, सहकारी परतल्यावरही तेथेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारले. सिंगर यांचा युक्तिवाद शेवटपर्यंत नेला, तर कोटणीसांनी केवळ कर्तव्य केले आणि परत आलेले कमी पडले, असे म्हणावे लागेल. मला ते मान्य नाही. परत आलेल्यांनीही मोठेच काम केले होते, आणि कोटणीसांविषयी आपल्याला वाटणारा आदर 'त्यांनी नियम पाळला' एवढ्याने भागत नाही. तरीही सिंगर यांचा युक्तिवाद कोठे तुटतो, हे मला अजून नेमके दाखवता आलेले नाही, आणि त्यासाठी मी तो पुन्हा ऐकतो आहे.

संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राचा २५० गुणांचा पेपर असल्यामुळे अभ्यासिकेतील मुले या अभ्यासक्रमाविषयी विचारतात. पेपरातील प्रकरण-अभ्यासाची उत्तरे कशी लिहावीत, ते येथे मिळणार नाही. सिद्धांत पक्के होतील, परंतु इंग्रजीचा वेग जास्त असल्याने मुले सोबत कागद घेऊन बसली तरच. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने सापेक्षतावादानंतर सरळ अॅरिस्टॉटलकडे जावे, मग कांट आणि उपयुक्ततावाद घ्यावेत, आणि ट्रॉलीची व्याख्याने वेळ उरला तर ऐकावीत.