तातडीच्या पशुवैद्यकीय उपचारांचा ऑनलाइन अभ्यासक्रम : लातूर जिल्ह्यातील काही महिन्यांच्या वापरानंतर

आंतरवासिता संपवून लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी खासगी व्यवसाय सुरू केल्यावर, नवपदवीधर पशुवैद्यकांसाठी तयार केलेला तातडीच्या व अतिदक्षता उपचारांचा एक परदेशी अभ्यासक्रम मी घेतला आणि गेल्या पावसाळ्यापासून तो नियमित वापरत आहे. मत आधीच सांगतो. शिकवण्याची शिस्त उत्तम आहे. मात्र त्यातील रुग्ण, औषधांचे साठे आणि सापसुद्धा आपल्याकडचे नाहीत. त्यातील विचारक्रम उचलणाऱ्याचे पैसे वसूल होतील, उपचारपत्रक जसेच्या तसे उतरवून घेणाऱ्याची मात्र फसगत होईल.

सर्वांत मोलाचा भाग पहिल्या काही मिनिटांच्या तपासणीचा आहे. श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण आणि शुद्ध हे याच क्रमाने पाहायचे, जीवघेणे काही आढळल्यास तिथेच थांबून ते सावरायचे आणि रोगाचे नाव नंतर शोधायचे, हे इतक्या वेगवेगळ्या रुग्णांवर घोटून घेतले जाते की ते अंगवळणी पडते. महाविद्यालयात आपल्याला इतिहास विचारून सुरुवात करण्याची सवय लागते, आणि गोठ्यात तर चार जण एकाच वेळी इतिहास सांगत असतात. दुसरी शिस्त फेरतपासणीची. आघातात (शॉकमध्ये, म्हणजे रक्ताभिसरण ढासळलेल्या अवस्थेत) गेलेल्या कुत्र्याला प्रति किलो 10 ते 20 मि.लि. द्रव पंधरा-वीस मिनिटांत द्यायचे आणि मग नाडी, हिरड्यांचा रंग, हिरडी दाबल्यावर रंग परत येण्याचा वेळ व पायांची ऊब पुन्हा नोंदवूनच पुढची मात्रा ठरवायची. सलाईन लावले म्हणजे उपचार झाला, ही समजूत केवळ पशुपालकांची नाही, हे या प्रकरणामुळे उघड होते.

हृदय थांबल्यावर करायच्या उपचारांचे प्रकरण ‘रिकव्हर’ या 2012 साली प्रथम आलेल्या व 2024 मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांवर आधारलेले आहे. मिनिटाला 100 ते 120 दाब, कुशीवर झोपवलेल्या कुत्र्याच्या छातीच्या रुंदीच्या एकतृतीयांश ते निम्म्या खोलीपर्यंत, आणि दर दोन मिनिटांनी दाबणारा माणूस बदलायचा. हे मदतनीसालाही शिकवता येते आणि मी शिकवले आहे. या प्रयत्नांनंतर घरी परतणारे रुग्ण थोडेच असतात, मात्र भुलीदरम्यान हृदय थांबल्यास आशा बरीच अधिक असते, हेही तिथे लपवलेले नाही. नसबंदीच्या शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी हे प्रकरण आधी पाहावे.

मोठ्या जनावरांचा भाग तोकडा आहे. चारशे किलोच्या देवणी गाईच्या शरीरातील पाणी आठ टक्के कमी झाले असेल, तर नुसती तूट 32 लिटर भरते, म्हणजे अर्ध्या लिटरच्या 64 बाटल्या. रात्री गोठ्यात बॅटरीच्या उजेडात एवढे शिरेतून देणे अशक्यच. 7.2 टक्के मिठाचे तीव्र द्रावण प्रति किलो 4 ते 5 मि.लि. देऊन लगेच भरपूर पाणी पाजायचे किंवा नळीने सोडायचे, हा व्यवहार्य मार्ग अभ्यासक्रमात आहे, परंतु तो जाता जाता सांगितला आहे. आमच्या बाजारात हे द्रावण ऐनवेळी मिळत नाही, ते आधीच मागवून ठेवावे लागते.

विषबाधेच्या प्रकरणात चॉकलेट आणि द्राक्षांवर तासभर खर्च केला आहे, कोवळ्या ज्वारीवर मात्र एक वाक्यही नाही. मराठवाड्यात पावसाने ताण दिला की ज्वारीच्या कोवळ्या ताटांत आणि खोडव्याच्या फुटव्यांत सायनाइड तयार करणारे घटक वाढतात. त्याच ताणात नायट्रेटही साठते. दोन्हींत जनावर धापा टाकत कोसळते. सायनाइडमध्ये रक्त लालभडक दिसते, तर नायट्रेटमध्ये चॉकलेटी. पहिल्यावर सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट देतात, दुसऱ्यावर मिथिलीन ब्ल्यू. आणि नायट्रेटच्या रुग्णाला चुकून सोडियम नायट्राइट दिल्यास त्याची अवस्था आणखी बिघडते. रक्ताचा रंग पाहिल्याशिवाय औषध भरू नये, एवढे तरी अशा अभ्यासक्रमाने सांगायला हवे होते.

सर्पदंशाचेही तेच. तिथे सगळी चर्चा रॅटलस्नेक या अमेरिकेतील विषारी सापाभोवती फिरते. आपल्याकडची बहुगुणी प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. घोणस किंवा फुरशाचा संशय असेल तर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटे न हलवता ठेवून ते गोठते का, हे पाहण्याची चाचणी गोठ्यातही जमते. मण्यारीच्या दंशात सूज जवळपास नसते आणि श्वसनाचे स्नायूच लुळे पडत जातात. अशा कुत्र्याला नळी घालून अँबू पिशवीने, म्हणजे हाताने दाबायच्या श्वासपिशवीने, श्वास देत राहण्यासाठी मात्र याच अभ्यासक्रमातील कृत्रिम श्वसनाचे धडे कामी येतात.

तांत्रिक बाजू ठीक आहे. चित्रफिती उतरवून ठेवता येतात, त्यामुळे खेड्यातील नेटवर्कची अडचण येत नाही. थेट चर्चासत्रे मात्र आपल्या मध्यरात्रीनंतर होतात. शुल्क डॉलरमध्ये असून दोन स्तरांत विभागलेले आहे. ज्यांचा व्यवसाय गाई, म्हशी आणि उस्मानाबादी शेळ्यांपुरता आहे, त्यांनी पहिला स्तर घ्यावा आणि तिथेच थांबावे. दुसरा स्तर व्हेंटिलेटर, रक्तवायूंची तपासणी व चोवीस तास कर्मचारी असलेल्या रुग्णालयांसाठी आहे. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात श्वानांचा दवाखाना चालवणाऱ्याने, किमान ऑक्सिजनची सोय असेल तरच, त्याचा विचार करावा.