विद्यापीठाची फी क्रेडिट कार्डाने: दोन सत्रांच्या वापरानंतर

दोन सत्रांची फी कार्ड, खात्यातून थेट डेबिट, हप्ते आणि परदेशी वायर (परदेशातल्या बँकेतून थेट विद्यापीठाच्या बँकेत पैसे पाठवणं) अशा चारही मार्गांनी भरून झाल्यावर हा अनुभव लिहीत आहोत. कार्ड हा सर्वांत सोयीचा मार्ग आहे आणि बहुतेक वेळा सर्वांत महागही.

महाग का? कार्डाच्या प्रत्येक व्यवहारातून कार्ड देणारी बँक, व्हिसा किंवा मास्टरकार्डसारखं नेटवर्क आणि पैसे गोळा करणारी संस्था असे तिघे आपापला वाटा घेतात. दुकानदार हा खर्च किमतीत मुरवतो. बरीच विद्यापीठं तो अधिभार म्हणून विद्यार्थ्यावर टाकतात, आणि तो साधारण दोन ते तीन टक्के असतो. अडीच टक्के धरले तर 1,00,000 च्या फीवर 2,500. कार्डावर एक टक्का रिवॉर्ड मिळाला, तरी 1,500 खिशातून जातातच. पॉइंटसाठी फी कार्डाने भरण्यात त्यामुळे अर्थ नाही. नव्या कार्डाचा मोठा स्वागत बोनस मिळणार असेल तर गोष्ट वेगळी, पण तिथेही आधी नियम वाचा. विद्यापीठांचा व्यापारी कोड, म्हणजे पैसे घेणारा कोणत्या व्यवसायातला आहे हे कार्डाच्या बँकेला सांगणारा क्रमांक, सहसा 8220 असतो, आणि काही कार्डं शिक्षणावरच्या खर्चाला रिवॉर्ड देतच नाहीत.

पुढचा हिशोब फार कमी जण करतात. अधिभारातून रिवॉर्ड वजा जाता उरलेला तो दीड टक्का म्हणजे तुम्हाला मिळालेल्या मुदतीची किंमत. कार्डाचं बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी फी भरली आणि देय तारीख 50 दिवसांवर असली, तर हे वर्षाला सुमारे 11 टक्के व्याज झालं. तीच फी बिल निघण्याच्या आदल्या दिवशी भरली आणि हातात 20 दिवसच उरले, तर दर 27 टक्क्यांच्या पुढे जातो. अधिभार तोच, फरक फक्त तारखेचा! म्हणून कार्ड वापरायचंच असेल तर आधी बिलाची तारीख बघा. आणि देय तारखेला पूर्ण रक्कम भरता येणार नसेल, तर कार्डाला हातच लावू नका. बाकी राहिलेल्या रकमेवर व्याज लागतं आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही सहसा जाते.

विद्यापीठाची हप्त्यांची योजना आम्हाला यापेक्षा बरी वाटली. व्याज नसतं, नोंदणी शुल्क एकदाच. समजा ते फीच्या एक टक्का आहे आणि चार समान मासिक हप्त्यांपैकी पहिला लगेच भरायचा आहे. मग पैसे सरासरी दीडच महिना लांबतात, म्हणजे वर्षाला आठ टक्के पडले. हप्ता चुकला की दंड लागतो, तो आधी विचारून ठेवा.

खात्यातून थेट डेबिटला सहसा अधिभार नसतो. इथे घोटाळा होतो तो खाते क्रमांकाचा एखादा आकडा चुकल्याने. पोर्टल लगेच 'यशस्वी' दाखवतं, बँक मात्र काही दिवसांनी व्यवहार परत पाठवते. तोवर अंतिम तारीख उलटलेली असते, वर पेमेंट परत आल्याचा दंड. क्रमांक दोनदा तपासा आणि अंतिम तारखेच्या किमान पाच कामकाजाच्या दिवसांआधी भरा.

परदेशातून वायर करताना खर्च कोण उचलणार हे निवडावं लागतं. 'ओयूआर' (OUR, सगळं शुल्क पाठवणाऱ्याचं) निवडा. 'एसएचए' (SHA, शुल्क दोघांत वाटून) किंवा 'बेन' (BEN, शुल्क पैसे घेणाऱ्याचं) घेतलं तर मधल्या बँका आपलं शुल्क रकमेतून कापतात, विद्यापीठाकडे थोडे पैसे कमी पोहोचतात आणि तेवढ्याशा थकबाकीवरून नोंदणी अडू शकते. संदेशाच्या रकान्यात विद्यार्थी क्रमांक हवाच, नाहीतर पैसे पोहोचूनही तुमच्या नावावर चढत नाहीत. परदेशी कार्ड वापरताना 'तुमच्या चलनात भरा' असा पर्याय दिसला तर नाकारा, त्यातला विनिमय दर जवळजवळ नेहमीच वाईट असतो.

ओटीपीनंतर पान अडकलं तर पुन्हा 'भरा' दाबू नका. आधी कार्डाच्या ॲपमध्ये रक्कम अडकली आहे का ते बघा. दुहेरी भरणा झाला तर परतावा मिळतो, पण तोवर तेवढी मर्यादा अडकून राहते. अधिभाराची नोंद अनेकदा स्टेटमेंटवर वेगळी येते, ती फसवणूक समजून वाद दाखल करू नका. विषय सोडून फी परत मिळाली तरी अधिभार बहुधा परत मिळत नाही. आणि परतावा मूळ कार्डावरच येतो, म्हणून सत्र संपेपर्यंत ते कार्ड बंद करू नका.