बीच सोडून गोवा: कदंबाच्या बसने पणजी, म्हापसा, मडगाव

गोवा म्हटलं की लोक डायरेक्ट कळंगुट-बागा करतात आणि परत येऊन सांगतात गोवा झाला आमचा. आम्ही यावेळी ठरवून बीच बाजूला ठेवले आणि फक्त शहरं केली, तीही कदंबाच्या, म्हणजे गोवा सरकारच्या एसटीच्या बसने, त्यामुळे हा रिव्ह्यू बसचा आणि शहरांचा मिळूनच समजा.

पणजी स्टँडवरून म्हापसा, मडगाव, वास्कोला नॉनस्टॉप शटल सुटतात. रांगेत उभं राहायचं, आत बसायचं, गाडी भरली की निघाली. म्हापसा साधारण 13 किमी, मडगाव तेहतीसेक. तेवढ्याच अंतराला एका टॅक्सीवाल्याने जो आकडा सांगितला त्यावर सासूबाई म्हणाल्या, अहो सोडायचंय आम्हाला, गाडी विकत नाही घ्यायची! प्रायव्हेट मिनीबस पण भरपूर आहेत, त्यात कंडक्टर "फाटीं वच, फाटीं वच" (मागे सरका) करत माणसं कोंबतो, पण वाटेत कुठेही हात केला की थांबतात.

माझा सल्ला, पहिलं ओल्ड गोवा करा आणि मग पणजी, कारण राजधानी पण तशीच सरकत आली, 1843 मध्ये अधिकृतपणे पणजीला. मागे एकदा पॅकेज टूरने आलो होतो तेव्हा त्यांनी ओल्ड गोव्यात बॉम जेझूस चर्चला उतरवून लगेच हॉर्न मारायला सुरुवात केली होती, नाव घेत नाही. यावेळी निवांत सेंट ऑगस्टीन चर्चच्या पडक्या बुरुजापर्यंत चालत गेलो, तिकडे फारसं कोणी फिरकत नाही. 46 मीटर उंच जांभ्या दगडाचा एकच बुरूज उरलाय, 1842 ला छत कोसळलं आणि 1931 ला पुढचा भाग. तिथली घंटा आता पणजीच्या त्या पांढऱ्या जिन्यांच्या चर्चमध्ये आहे, संध्याकाळी पणजीत वर मान करून बघितली तेव्हा जरा भारी वाटलं.

फोंतेन्हास, म्हणजे पणजीतली जुनी पोर्तुगीज वळणाची वस्ती, सुंदर आहे, वाद नाही. पण सकाळी लवकर जा, नऊनंतर प्री-वेडिंगवाले आणि रीलवाले गल्ली अडवतात आणि लोकांच्या दारावर फोटो काढू नका असे बोर्ड आहेत तरी त्याच बोर्डाला टेकून पोझ देतात. भिंतींच्या रंगांपेक्षा जुन्या खिडक्या बघा, काचेच्या जागी शिंपल्याचे पातळ चौकोनी तुकडे लाकडी पट्ट्यांत बसवलेले असतात, उजेड दुधाळ होऊन आत येतो. नंतर कॅफे भोसलेला भाजी-पाव आणि मिरची भजी, बास. जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे, खाली पडलेल्या बाईवर हात रोखून उभा असलेला, आमच्या पोरीला वाटलं जादूगार आहे. संमोहनवाला माणूस, कांदोळीचा, त्यामुळे ती फार चुकली नाही.

म्हापसा शुक्रवारीच करा. इतर दिवशीही मार्केट असतं पण शुक्रवारची गंमत वेगळी. एका बाजूला चोरिसाच्या (गोव्याच्या डुकराच्या सॉसेजच्या) लालभडक माळा लटकलेल्या, शेजारी सुकी मासळी, पुढे मोयरा गावची ही भली मोठी केळी, आणि बायका "घे गो बाय" करत हातात वस्तू ठेवतातच, मग कसली घासाघीस करताय. कोकम आणि मिरची इथूनच घ्या.

मडगाव मात्र लोक उगाच स्टेशनपुरतं वापरतात. होली स्पिरिट चर्चसमोरचा चौक आणि आजूबाजूची जुनी घरं मला तरी फोंतेन्हासपेक्षा आवडली, कारण तिथे माणसं अजून राहताना दिसतात, बाल्कांवमध्ये (दारापुढच्या बसायच्या ओट्यावर) आजोबा पेपर वाचत बसलेले वगैरे. सात बुर्झांचं, म्हणजे सात टोकदार छपरांचं, घर पण जवळच आहे, सातातले तीनच बुर्झ उरलेत. लोहिया मैदान चुकवू नका, 18 जून 1946 ला राममनोहर लोहियांनी तिथूनच पोर्तुगीजांना आव्हान दिलं.

वास्को, खरं सांगायचं तर, बंदराची किंवा विमानांची आवड असेल तरच.

दुपारी एक ते साडेतीन-चार बरीच दुकानं बंद असतात, तो वेळ जेवणात घालवा. अंधार पडल्यावर गाड्या कमी होतात. आणि मडगावला बसस्टँड ते रेल्वे स्टेशन चांगलंच लांब आहे, कोकण रेल्वे पकडायची असेल आणि पाठीवर एकच सॅक असेल तर पायलट म्हणजे बाईकवाला करा, पण भाडं बसायच्या आधी ठरवा.