मॅक्स पेन ३ की गिअर्स ऑफ वॉर?

बीजीएमआयवर (पब्जी मोबाइलची भारतातली आवृत्ती) हात बसलाय, टीपीपीची, म्हणजे खेळाडूच्या पाठीमागून बघत खेळायची, सवय आहे, आणि आता रँकसाठी कुणाशी भांडत न बसता एकट्याने खेळायचा, गोष्ट असलेला थर्ड पर्सन शूटर हवाय, असं कुणी विचारलं की मी दोनच नावं पुढे करतो. मॅक्स पेन ३ आणि गिअर्स ऑफ वॉर. गिअर्स म्हणजे २००६ चा पहिला भाग, पण आज घ्यायचा तर त्याची ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली 'रीलोडेड' आवृत्ती घ्यावी. मॅक्स पेन ३ आहे २०१२ चा, आणि त्याला अजून कुणी रंगसफेदी केलेली नाही. केली नाही तरी चालेल असा तो आजही दिसतो.

इतके जुने गेम का, असं वाटेल. कारण या प्रकारात पुढे जे जे आलं त्यातलं बरंचसं या दोघांपैकी एकाच्या वाटेवरचं आहे. फर्स्ट पर्सनमध्ये आपण म्हणजे बंदूक धरलेले दोन हात. थर्ड पर्सनमध्ये आपल्यात आणि बंदुकीत एक आख्खा माणूस उभा असतो. त्याची पाठ सतत दिसते. तो वाकतो, धडकतो, धापा टाकतो. मग प्रश्न येतो की गोळ्या सुटायला लागल्यावर या माणसाचं करायचं काय? गिअर्स म्हणतो लपव, मॅक्स पेन म्हणतो झोकून दे. कुठला गेम घ्यायचा हे ठरवताना ग्राफिक्सपेक्षा मी हेच बघतो: तो समोरचा माणूस माझं किती ऐकतो.

गिअर्सची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. खांद्यामागचा कॅमेरा २००५ च्या रेसिडेंट ईव्हिल ४ ने रूढ केला होता. भिंतीला पाठ लावून हात बाहेर काढत गोळीबार करायची रीत त्याआधी २००३ च्या किल स्विचमध्ये होती. गिअर्सने दोन्ही घेतलं आणि वर स्वतःचं वजन घातलं. गेमचा नायक मार्कस फिनिक्स हा माणूस कपाटाएवढा आहे, आणि गेम हे एक क्षणही विसरू देत नाही. तो आडोशाला टेकतो तेव्हा धप्प आवाज होतो, भिंतीची धूळ उडते. वाकून पळायला लागला की कॅमेरा जमिनीलगत येऊन हिंदकळतो, जणू मागे एखादा वार्ताहर कॅमेरा सांभाळत पळतोय. पळण्याच्या या एवढ्याशा गोष्टीत इतकी मजा मला फार कमी गेममध्ये मिळाली आहे.

आणि त्यातलं रीलोड! मॅगझिन बदलताना कोपऱ्यात एक पट्टी येते, तिच्यावर काटा सरकतो. नेमक्या जागी पुन्हा बटण दाबलं तर बंदूक झटक्यात भरते आणि पुढच्या गोळ्या जास्त जोरात लागतात. चुकलं तर बंदूक अडकते, आणि मार्कस शिव्या घालत बसतो. रीलोड म्हणजे बाकी सगळीकडे उसंत असते. इथे तो जुगार केलाय. वीस वर्षं होत आली तरी हे इतर सगळ्यांनी जसंच्या तसं का उचललं नाही, हे मला कोडं आहे.

लढायांची रचनाही हुशारीची. जमिनीला भोकं पडून त्यांतून लोकस्ट, म्हणजे गेममधले शत्रू, वर येतात आणि त्या भोकात ग्रेनेड टाकून ते बुजवता येतं, त्यामुळे लपून बसण्यात अर्थ नसतो, पुढे सरकावंच लागतं. बर्सर्कर नावाचं एक धूड आंधळं आहे, आवाजाच्या दिशेने धावून येतं, त्याला चुकवत दाराकडे खेचून आणायचं. एका रात्रीच्या भागात अंधारात पाऊल टाकलं की पाखरांसारखे प्राणी माणसाला फाडतात, म्हणून उजेडाच्या तुकड्यातुकड्यांतून जायचं. गोष्ट मात्र यथातथाच. मोठे बाप्ये एकमेकांवर ओरडतात, एवढंच माझ्या लक्षात राहिलंय.

आता मुद्द्याचं. गिअर्समध्ये एकच बटण सगळं करतं. पळायचं तेच, लोळायचं तेच, आडोशाला टेकायचं तेच, आडोशावरून उडी मारायचं तेच, या भिंतीवरून शेजारच्या भिंतीकडे घरंगळत जायचंही तेच. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर ते 'ए', कीबोर्डवर स्पेस. कुठल्या क्षणी काय करायचं हे तुमची काडी (कंट्रोलरची स्टिक) कुठे झुकली आहे आणि मार्कस कशाजवळ उभा आहे यावरून गेम ठरवतो. मोकळ्या मैदानात हे झकास चालतं. पण गिअर्समध्ये मोकळं मैदान असतंच कुठे? लढाई होणार आहे हे कळतंच मुळी छातीएवढ्या भिंती ओळीने मांडलेल्या दिसल्या की. म्हणजे जिथे पळायची खरी गरज, तिथेच चिकटायला सगळ्यात जास्त जागा.

बूमर नावाचा जाडा शत्रू आहे. तो 'बूम' असं म्हणून मग गोळा सोडतो, त्यामुळे सावरायला तेवढा वेळ मिळतो. मी बटण दाबून बाजूला पळायला जातो, आणि मार्कस प्रेमाने शेजारच्या खांबाला बिलगतो. तेही बूमरकडे उघडी बाजू ठेवून. त्याला तिथून सोडवायला काडी मागे ओढायची, मग पुन्हा बटण, तोवर गोळा आलेला असतो. हे रोज होत नाही. होतं ते नेमकं गर्दीत, शत्रू दोन बाजूंनी आल्यावर, घाईत. एकदा असं मेलं की माणूस पुढच्या वेळी बटण दाबताना कचरतो. पळू की नको? हा आता चिकटणार तर नाही? मी हळूहळू भिंतींपासून लांब राहून गिअर्स खेळायला लागलो, आणि भिंतींसाठीच बनवलेला गेम भिंती टाळून खेळणं म्हणजे वडापावमधला वडा काढून ठेवण्यासारखं आहे.

सरावाने जातं, असं म्हणणारे भेटतील, आणि ते खोटं बोलत नाहीत. ऑनलाइन खेळणारे पट्टीचे लोक त्याच बटणाने भिंतीभिंतीवरून असे उसळत जातात की बघत राहावं. चिकटणं हेच त्यांचं शस्त्र असतं. पण आपण इथे एकट्याने, संध्याकाळी कामावरून आल्यावर खेळायच्या गेमबद्दल बोलतोय. माझ्यासारख्या मध्यम हाताच्या खेळाडूला ती कुरकुर शेवटापर्यंत पुरली.

मॅक्स पेन ३ मध्ये आडोशाला वेगळं बटण आहे. वाचायला हे किती किरकोळ वाटतं! पण त्यामुळे मॅक्स मी सांगितल्याशिवाय कशालाही चिकटत नाही. पळ म्हटलं की पळतो, उडी म्हटलं की उडी मारतो. ती उडी चुकीच्या जागी मारली तर दोष पूर्ण माझा.

उडीबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण सगळा गेम तिच्यावर उभा आहे. पहिल्या मॅक्स पेनने २००१ मध्ये बुलेट टाइम गेममध्ये रुजवला. वेळ संथ होतो, गोळ्या हवेत दिसतात, आणि मॅक्स दोन्ही हातांत पिस्तुलं घेऊन आडवा झेपावतो. तेव्हा ती निव्वळ करामत होती. तिसऱ्या भागात रॉकस्टार या कंपनीने त्या देहाला हाडं दिली. युफोरिया नावाचं तंत्र पडणं-धडकणं त्या त्या वेळी ठरवतं, आधी रेखाटून ठेवलेलं नसतं. त्यामुळे टेबलाकडे झेप घेतली तर मॅक्स टेबलावर आपटतो, भिंतीकडे घेतली तर खांदा आधी पुढे करतो आणि मग कोसळतो. आपटला की उठायला वेळ लागतो, आणि तोवर वेळ पुन्हा नेहमीच्या वेगाने धावत असतो. म्हणजे झेप घेण्याआधी मला दोन गोष्टी बघाव्या लागतात: हवेत असताना किती जण टिपता येतील, आणि पडल्यावर कोण उरेल. जमिनीवर उताणा पडूनही तो चहूबाजूंना गोळ्या झाडू शकतो, हा मोठा दिलासा.

बंदुकाही तो हवेतून काढत नाही. दोन पिस्तुलं आणि एक मोठी बंदूक, एवढंच सोबत. पिस्तूल चालवायचं असेल तेव्हा मोठी बंदूक दुसऱ्या हातात लोंबकळताना दिसते, रीलोड करताना ती काखेत दाबून धरतो. दोन्ही हातांत पिस्तुलं हवी असतील तर मोठी बंदूक टाकावी लागते, आणि ती खरोखर तिथेच पडून राहते.

जखमा आपोआप भरत नाहीत. वेदनाशामक गोळ्यांच्या बाटल्या शोधाव्या लागतात. खिशात एक असताना जीव गेलाच, तर वेळ थांबल्यासारखा होतो आणि ज्याने मारलं त्याला टिपायची शेवटची संधी मिळते. लागला नेम तर ती बाटली खर्च होऊन मॅक्स वाचतो. गिअर्समध्ये भिंतीमागे बसून श्वास घेतला की पुन्हा ताजंतवानं होता येतं, म्हणून पाय मागे ओढले जातात. इथे मागे बसून काही मिळत नाही.

गोष्टही इकडे जड आहे. न्यूयॉर्कचा माजी पोलीस, दारूत आणि वेदनाशामकांत बुडालेला, ब्राझीलच्या साओ पाउलोत एका श्रीमंत घराण्याचा अंगरक्षक. आजूबाजूचे लोक पोर्तुगीज बोलतात, आणि त्याचे सबटायटल मुद्दाम दिलेले नाहीत. मॅक्सला कळत नाही, आपल्यालाही नाही. (गोव्यातल्या जुन्या पिढीतल्या कुणाला खेळायला बसवलं तर गेम थोडा सोपा होईल.) जेम्स मॅकॅफ्रे या नटाचा घोगरा आवाज सगळ्यावरून फिरत राहतो. ते २०२३ च्या डिसेंबरमध्ये गेले. शेवटाकडे विमानतळावरची लढाई आहे, 'हेल्थ' या बँडचं संगीत हळूहळू चढत जातं. त्या प्रकरणासाठी मी अधूनमधून गेम पुन्हा लावतो.

मॅक्स पेन ३ ची कुरकूर लपवत नाही, लहान नाहीये ती. गेम सतत हातातून काढून घेतला जातो. दार उघडलं की कट-सीन (नुसता बघायचा प्रसंग), जिना चढला की कट-सीन. त्यांच्या आडून पुढचा भाग लोड होत असतो, त्यामुळे ते लगेच वगळताही येत नाहीत. दुसऱ्यांदा खेळताना हे फारच जाणवतं. त्याहून वाईट म्हणजे, हातात चांगली रायफल असताना कट-सीन संपतो आणि मॅक्सच्या हातात एकटं पिस्तूल असतं, समोर चौघे. मित्रांपैकी दोघांनी एवढ्यासाठी गेम अर्ध्यात सोडला, आणि मी त्यांच्याशी वाद घालू शकलो नाही.

तरी मला हे चालून गेलं. कट-सीन चालू झाला की मी चहाचा कप उचलतो, संपला की ठेवतो. लढाई सुरू झाली की ती संपेपर्यंत मॅक्स माझा असतो. गिअर्समध्ये नेमकं लढाईच्या मध्यावर माझ्या बोटाचा अर्थ कुणी तिसराच लावतो. तुमचा स्वभाव उलटा असू शकतो. ज्याला खेळ तुटलेला खपत नाही त्याने गिअर्सच घ्यावा, आणि त्याला पश्चात्ताप होईल असं मला वाटत नाही.

घरात दुसरा खेळणारा असेल तर माझा सल्ला बदलतो. गिअर्सचं कॅम्पेन, म्हणजे गोष्टीचा भाग, दोघांना मिळून खेळता येतं, कन्सोलवर एकाच टीव्हीचे दोन भाग करूनही. वाट मध्येच फुटते, एक जण डावीकडून, दुसरा उजवीकडून, आणि एकमेकांना 'अरे वर बघ, वर!' असं ओरडावं लागतं. भावाबरोबर खेळताना ती चिकटण्याची भानगड चक्क विनोदी होते. मॅक्स पेनचं कॅम्पेन एकट्याचंच आहे.

यंत्राचाही प्रश्न आहे. प्लेस्टेशन ५ असेल तर विचार करायचं कारणच नाही, मॅक्स पेन ३ त्यावर चालत नाही आणि गिअर्स रीलोडेड चालतो. एक्सबॉक्सवर दोन्ही चालतात. पीसीवर मॅक्स पेन ३ स्टीमवर मिळतो, वर रॉकस्टारचा स्वतःचा लाँचर टाकावा लागतो, पण जुना असल्याने साध्या ग्राफिक्स कार्डवरही पळतो. सेल लागेपर्यंत थांबा, हे काही वेगळं सांगायला नको. पहिले दोन मॅक्स पेन ते मुळात बनवणारा रेमेडी हा स्टुडिओ नव्याने बनवतोय, २०२२ मध्ये तशी घोषणा झाली आहे; पण त्यांची वाट बघत तिसरा अडवून ठेवू नका, गोष्ट एकटी उभी राहते.

आणि मॅक्स पेन ३ घेतलाच, तर सुरुवातीला गेम नेम कसा धरायचा ते विचारतो. हार्ड लॉक, सॉफ्ट लॉक, फ्री एम असे पर्याय असतात. कंट्रोलर असला तरी फ्री एम, म्हणजे नेम पूर्ण आपला आपण धरायचा पर्याय, घ्या. पहिल्या नाइटक्लबात पाच-सहा वेळा मराल, नंतर झेप घेतल्यावर क्रॉसहेअर (नेमाची खूण) आपसूक कुणावर जाऊन बसत नाही हेच आवडायला लागेल.