हरणासाठी .२४३ विंचेस्टर : एका हंगामाच्या वापरानंतर

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार हा गुन्हा आहे. पुढचं सगळं लिहितोय ते जिथे परवाना, हंगाम आणि जनावरांची संख्या कायद्याने ठरवून दिलेली असते, तिथल्यापुरतं.

आधी मी .३०८ विंचेस्टर वापरायचो. १९५२ पासून चालत आलेलं दमदार काडतूस, त्याच्याबद्दल तक्रार नाही. .२४३ हे त्याचंच धाकटं भावंड: १९५५ साली .३०८ चं कवच तोंडाशी आवळून त्यात ६.२ मिलिमीटरची गोळी बसवली गेली. मी १०० ग्रेनची, म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅमची सॉफ्ट पॉइंट (टोकाला मऊ शिसं उघडं असलेली) गोळी वापरतो. नळीतून सुटताना तिचा वेग सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास असतो.

खरा फरक बार झाल्यावर खांद्याला बसणाऱ्या धक्क्याचा. तो .३०८ च्या मानाने जवळजवळ निम्म्यावर येतो आणि त्याने सगळा सरावच बदलतो. चाप दाबायच्या आधी खांदा आक्रसत नाही, डोळे मिटत नाहीत, पाठोपाठ बरेच बार काढले तरी शेवटचा पहिल्याइतकाच शांतपणे सुटतो. शिवाय बार झाल्यावरही जनावर स्कोपमध्ये राहतं. गोळी कुठे लागली आणि ते कसं हललं, हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. जनावराला यातना होऊ नयेत असं ज्याला मनापासून वाटतं, त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

कारण हरीण मरतं ते फुप्फुसं आणि हृदय निकामी होऊन, रक्तदाब कोसळून. कॅलिबर, म्हणजे गोळीचा व्यास, फक्त तिथवर पोचायचं साधन. मध्यम आकाराच्या हरणात हा मर्मभाग साधारण २० सेंटिमीटर व्यासाचा असतो. जनावर पूर्ण आडवं, म्हणजे कूस आपल्याकडे करून उभं असेल तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर यायचं आणि छातीच्या खालून एक तृतीयांश उंचीवर नेम धरायचा. तिथे दोन्ही फुप्फुसं सापडतात आणि नेम थोडा हलला तरी चालून जातं. हृदय त्याहून खाली असतं, अगदी पायांच्या मध्ये. मुद्दाम त्यावर नेम धरू नये; गोळी जराशी खाली गेली की छाती चुकते. जनावर तिरकं, पाठमोरं असेल तर पलीकडच्या पुढच्या पायाचा अंदाज घेऊन नेम धरायचा, म्हणजे गोळी आतून कुठून जाणार ते आधी ठरतं. तिरकं समोर तोंड करून उभं असेल तर मी बंदूक खाली ठेवतो. डोक्यावर किंवा मानेवर नेम मला मान्य नाही. ते अवयव सतत हलतात, आणि जबडा फुटलेलं हरीण उपाशी राहून दिवसेंदिवस तडफडतं.

आता .२४३ च्या मर्यादा. गोळी बारीक, त्यामुळे कधी कधी पलीकडून बाहेर पडत नाही किंवा बाहेरचं छिद्र लहान राहतं आणि जमिनीवर रक्त कमी सांडतं. दाट झुडपात माग काढणं .३०८ पेक्षा अवघड जातं, हे मला या हंगामात जाणवलं. खांद्याच्या जाड हाडावर तिचा भरवसा धरू नये. एल्कसारख्या मोठ्या जनावरासाठी मी ती नेणारही नाही. इंग्लंडमध्ये मोठ्या हरणांसाठी किमान .२४० इंच कॅलिबर आणि १,७०० फूट-पाउंड ऊर्जा लागते; .२४३ त्यात बसते, पण अगदी उंबरठ्यावर.

म्हणूनच गोळीची निवड इथे जास्त महत्त्वाची. .२४३ मध्ये ५५ ते ८० ग्रेनच्या हलक्या गोळ्याही मिळतात. त्यातल्या बऱ्याच छोट्या प्राण्यांसाठी, लागताक्षणी फुटायला बनवलेल्या असतात. हरणाच्या फासळीवर त्या वरवरची भयंकर जखम करतात आणि आत पोचत नाहीत. शिसं नको असेल तर तांब्याची अखंड गोळी चांगली: वजन टिकवते, खोल जाते, मांसात शिशाचे कण राहत नाहीत. कॅलिफोर्नियात तर शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर २०१९ पासून पूर्ण बंदी आहे. तांब्याची गोळी लागल्यावर उमलायला, म्हणजे टोकाशी पसरायला, वेग मात्र लागतो, त्यामुळे फार लांबून मारू नये.

बार झाल्यावर लगेच धावत सुटू नये, ही माझी सगळ्यांना कळकळीची विनंती. हृदयात गोळी बसलेलं हरीणही शंभर मीटर पळू शकतं. रक्त गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुस लागलंय, अर्धा तास थांबलं तरी पुरतं. गडद तांबडं असेल तर बहुधा यकृत, काही तास थांबावं लागतं. पाठ कमानीसारखी करून जनावर सावकाश चालत गेलं आणि जमिनीवर हिरवट, आंबूस वासाचं काही दिसलं, तर गोळी पोटात आहे. तेव्हा सहा-आठ तास मागे जाऊ नये. पाठलाग केला तर ते उठून लांब जातं आणि मग सापडत नाही.

नवशिक्याने, किंवा .३०८ चा धक्का सोसत नाही अशा कुणीही, बिनधास्त .२४३ घ्यावी, १०० ग्रेनच्या आसपासची गोळी, १५० मीटरच्या आतलं अंतर आणि आडवं उभं जनावर, एवढं पाळलं की झालं. ज्यांना धक्का त्रास देत नाही आणि सरावात पाचही गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसतात, त्यांनी .३०८ सोडायचं काही कारण नाही.